चेलो, मुले आणि पुढची वाट : वाचकांचे प्रश्न

या वेळी वडोदऱ्याहून आलेली बहुतेक पत्रे चेलोबद्दलची, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या, बसून गजाने वाजवायच्या मोठ्या वाद्याबद्दलची आहेत. शिस्तशीर संगीतशिक्षण या शहराला नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली आणि सूरसागराजवळचे आजचे संगीत महाविद्यालय तिच्यातूनच वाढले. चेलो मात्र अजून मोजक्या घरांत आहे. मूल चांगले वाजवू लागले की पुढे काय करायचे, हे विचारायला शेजारीपाजारी कोणी सापडत नाही. म्हणून उत्तरे जरा सविस्तर देत आहोत.

मुलगी अकरा वर्षांची आहे, उंची १४० सेंटीमीटर. दुकानदार म्हणतो, पूर्ण आकाराचाच चेलो घ्या, दोन वर्षांत ती त्याच्याएवढी होईल. घ्यावा का? (मांजलपूर)

घेऊ नका. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, वाद्य तसे घेत नाहीत. पूर्ण आकाराच्या चेलोचे खोड, म्हणजे खालचा पोकळ भाग, साधारण ७५ ते ७६ सेंटीमीटर असते आणि तारा पेलणाऱ्या घोडीपासून दांडीच्या टोकाशी असलेल्या नटापर्यंत तारेची लांबी सुमारे ६९ सेंटीमीटर. म्हणजे पहिल्या पोझिशनमध्ये, हात नटाजवळ असताना, पहिल्या बोटात (तर्जनी) आणि चौथ्या बोटात (करंगळी) पावणेदहा सेंटीमीटरांचे अंतर येते. हात ताणून वाजवायच्या जागी तेच अंतर १३ सेंटीमीटरांच्या पुढे जाते. अकरा वर्षांच्या हाताला ते जमत नाही. मग मूल मनगट वाकवून, अंगठ्याने दांडी आवळून बोट कसेबसे पोहोचवते. ती सवय पुढे मोडायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि तेवढ्या काळात शिकायच्या कितीतरी गोष्टी मागे पडतात.

१४० सेंटीमीटर उंचीला बहुधा पाऊण आकार बसतो, त्याचे खोड साधारण ६९ सेंटीमीटर असते. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका, मुलीला बसवून पाहा. पाय जमिनीवर सपाट टेकलेले हवेत. वाद्याची वरची कड छातीच्या मधल्या हाडाला टेकावी, खालचा भाग दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये बसावा आणि सी, जी, डी, ए या चार तारांपैकी सर्वांत जाड सी तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागे यावी. मग डी तारेवर पहिले आणि चौथे बोट एकाच वेळी ठेवायला सांगा. मनगट सरळ राहिले आणि खांदा वर चढला नाही तर आकार बरोबर आहे. गजही त्याच आकाराचा घ्या. पूर्ण लांबीचा गज पाऊण चेलोवर वापरला की टोकाकडे हात ताणला जातो आणि आवाज पातळ होतो.

मुंबईत चेलो भाड्याने मिळतो, शिवाय वाढत्या मुलांची जुनी वाद्ये शिक्षकांच्या ओळखीतून फिरत असतात. पाऊण आकारावर फार पैसे अडकवू नका. ते पूर्ण आकाराच्या वाद्यासाठी आणि त्याहीपेक्षा चांगल्या गजासाठी राखून ठेवा.

पावसाळ्यात खुंट्या घट्ट बसतात, फिरतच नाहीत. उन्हाळ्यात त्याच सुटतात. यंदा एका बाजूने घरघर ऐकू येते आणि खोडाच्या कडेला बारीक फट दिसते. फर्निचरचा डिंक लावून चालेल का? (कारेलीबाग)

फर्निचरचा पांढरा डिंक वाद्याला कधीही लावू नका. चेलोचे वरचे आणि खालचे पान बाजूच्या पट्ट्यांना सरसाने चिकटवलेले असते, आणि तो सरस मुद्दाम बेताचा धरणारा ठेवलेला असतो. कोरड्या हवेत लाकूड आकसले की आधी सांधा सुटावा, पान तडकू नये, यासाठी ही योजना आहे. सुटलेला सांधा कारागीर गरम सरस भरून, क्लॅम्प लावून एका दिवसात नीट करतो. तिथे पांढरा डिंक गेला की पुढच्या उन्हाळ्यात सांधा सुटत नाही, पानालाच चीर जाते. शिवाय तो डिंक खरवडून काढताना लाकूडही जाते.

फट नेमकी कुठवर गेली आहे ते घरीच कळते. बोटाच्या पेराने कडेकडेने हलके ठोकत जा. धरलेल्या सांध्यावर भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ, फडफडता. ती जागा पेन्सिलने कागदावर काढून कारागिराला दाखवा. तोवर तारा थोड्या उतरवा, पण पूर्ण सैल करू नका. आतला साउंडपोस्ट, म्हणजे छोटा लाकडी खांब, चिकटवलेला नसतो, तो केवळ तारांच्या दाबावर दोन पानांमध्ये उभा असतो. चारही तारा एकदम सोडल्या की तो पडतो, आणि पडलेल्या अवस्थेत तारा पुन्हा चढवल्या तर वरचे पान खचू शकते. म्हणून तारा बदलतानाही एका वेळी एकच.

वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते, मार्च-एप्रिलच्या दुपारी खूप खाली येते. पेटीत छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या आठवड्याला तापवून कोरड्या करून घ्या. उन्हाळ्यात पेटीत ओलावा देणारी नळी ठेवा. सगळ्यात जास्त नुकसान मात्र कूलरने होते. कूलरच्या झोतात वाद्य तासभर ओल्या हवेत राहते, कूलर बंद झाला की पुन्हा कोरड्या. दिवसातून चार वेळा असे झाले तर कुठलाही सांधा टिकत नाही. कूलरच्या खोलीत चेलो ठेवूच नका. एसीच्या खोलीत ठेवला तर झोतापासून दूर आणि पेटीत बंद.

पावसाळ्यात वरचे पान फुगते आणि तारा बोटांखालच्या पट्टीपासून वर उचलल्या जातात. पट्टीच्या टोकाशी ए तारेखाली साधारण ५ मिलिमीटर आणि सी तारेखाली ८ मिलिमीटर अंतर असावे. एक-दीड मिलिमीटर वाढले तरी डाव्या हाताला जड लागते, आणि मूल उगाच म्हणते की माझा रियाज बिघडला. गंभीरपणे वाजवणाऱ्या मुलासाठी दोन घोड्या करून घेणे परवडते, पावसाळ्यासाठी थोडी ठेंगणी आणि उरलेल्या वर्षासाठी नेहमीची. खुंट्यांना खुंटीचा पेस्ट लावा. खडू एकटा लावला तर खुंटी धरते खरी, पण फिरवताना झटके देते.

आणखी एक गोष्ट रोज पाहायची. खुंटीने सूर चढवला की दर वेळी घोडीचे डोके किंचित पट्टीकडे ओढले जाते. घोडीची शेपटाकडची, म्हणजे तारांची खालची टोके जिथे अडकवतात तिकडची बाजू पानाशी काटकोनात हवी. वाकलेली दिसली तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि पहिल्या बोटांनी वरची कड धरून अगदी थोडी मागे घ्या. दुर्लक्ष केले तर घोडी कायमची वाकते, किंवा एक दिवस धाडकन आडवी होते.

एफच्या आसपास एकच सूर थरथरतो, बाकी सगळे स्वच्छ. चेलो खराब आहे का? (गोत्री)

नाही. याला वुल्फ म्हणतात. खोडाचा स्वतःचा कंप आणि तारेचा कंप जवळजवळ सारख्या वेगाचे झाले की दोघे एकमेकांना ओढतात. चेलोवर हे ई ते एफ शार्पच्या दरम्यान होते आणि चांगल्या वाद्यांतही आढळते. घोडी आणि शेपटाच्या मध्ये जी किंवा सी तारेवर पितळी नळीचा वुल्फ एलिमिनेटर बसवा आणि एकेक मिलिमीटर सरकवत जागा शोधा. जास्त दाबला तर वुल्फबरोबर वाद्याचा आवाजही मरतो. वाजवताना गुडघ्यांनी खोड किंचित आवळले तरी तात्पुरते भागते.

मुलगा सतरा वर्षांचा. एका स्पर्धेत पहिला आल्यापासून बोलावणी येत आहेत. येत्या तीन महिन्यांत पाच कार्यक्रम, त्यातला एक वाद्यवृंदाबरोबर इंग्रज संगीतकार एल्गारचा कन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना), एकाच तालमीवर. यंदा बारावी आहे. सगळे स्वीकारावे का? (दांडिया बाजार)

आमचे मत स्पष्ट आहे. पाचांपैकी दोन घ्या, आणि एका तालमीवरचा एल्गार घेऊ नका.

याच रचनेचा पहिला प्रयोग तुमच्यापुढे आहे. एल्गारचा ई मायनर कन्चेर्टो, ओपस ८५, २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा वाजला. चेलोवर फेलिक्स सॅमंड होता, स्वतः एल्गार संचालन करत होता. कार्यक्रमातल्या बाकीच्या रचना अल्बर्ट कोट्सकडे होत्या आणि तालमीचा बराच वेळ त्यांनीच घेतला. प्रयोग पडला. आज ज्याला चेलोचा मुकुटमणी म्हणतात त्या रचनेला लोकांच्या मनात जागा मिळवायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. चेलोवादक जॅकलिन दू प्रे हिचे संचालक बार्बिरोलीबरोबरचे गाजलेले ध्वनिमुद्रण १९६५ चे आहे. एवढ्या दिग्गजांचे तालमीवाचून भागले नाही, तर सतरा वर्षांच्या मुलाचे कसे भागेल?

अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो. सुरुवातीचे एकट्या चेलोचे चार मोठे स्वर आणि नंतरचे मोकळे तुकडे मुक्त लयीत आहेत. वादक कुठे श्वास घेणार, हे संचालकाला आधी ठाऊक नसेल तर वाद्यवृंद उशिरा येतो. दुसऱ्या भागातले धावते सोळांश स्वर वादक घरी एका लयीत घोटतो, मंचावर लय वाढते आणि लाकडी फुंकवाद्ये मागे राहतात. शेवटाकडे संथ तिसऱ्या भागाची आठवण येते, तिथे पुन्हा लय मोडते. या प्रत्येक जागेला वेळ द्यावा लागतो. म्हणून किमान अट अशी ठेवा : संचालकाबरोबर पियानोवर एक बैठक, मग वाद्यवृंदाबरोबर दोन पूर्ण तालमी, त्यातली एक कार्यक्रमाच्याच सभागृहात. आयोजक हे मान्य करत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. चांगला आयोजक पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो.

नवा कन्चेर्टो हातात घेतल्यापासून लोकांपुढे जायला आम्ही आठ महिने धरतो. त्यातले पहिले चार शिकण्याचे. मग पियानोच्या साथीने घरात, वर्गात, ओळखीच्या वीस-पंचवीस माणसांपुढे तीन वेळा वाजवायचा. त्यानंतर तीन आठवडे तो पूर्ण बंद. पुन्हा उघडल्यावर ज्या जागा हातातून निसटलेल्या दिसतात, त्या खऱ्या अर्थाने कधीच बसलेल्या नव्हत्या. उरलेला काळ त्या जागांवर. स्पर्धेनंतर बोलावणी आली की ही बंद ठेवण्याची पायरीच पहिली गळते. मग मूल वर्षभर त्याच दोन रचना वाजवत फिरते आणि नवे काही तयार होत नाही. दोन वर्षांनी आयोजक विचारतात, आणखी काय वाजवता? तेव्हा द्यायला उत्तर नसते.

जिंकल्यावर शिक्षण चालू ठेवणाऱ्यांची उदाहरणे पाहा. ब्रिटिश चेलोवादक शेकू कान्ने-मेसन २०१६ मध्ये सतराव्या वर्षी शोस्ताकोविचचा पहिला कन्चेर्टो वाजवून बीबीसी यंग म्युझिशियन स्पर्धेचा विजेता ठरला. त्यानंतरही तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकत राहिला. दू प्रे जगभर गाजत असताना १९६६ मध्ये रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचकडे शिकायला मॉस्कोला गेली. चेलोवादक यो-यो मा याने हार्वर्डमधून १९७६ साली पदवी घेतली, ती संगीताबाहेरच्या विषयांसह.

बारावीचे म्हणाल तर डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत रोज दीड तास पुरेसा आहे. वीस मिनिटे स्केल, वीस मिनिटे पॉपरचा एक एत्यूद (सरावासाठी लिहिलेली रचना), पन्नास मिनिटे आधी तयार असलेल्या रचना. या काळात नवे काही उघडू नका. रोजचा दीड तास हात जिवंत ठेवतो. तो पूर्ण तोडून परीक्षेनंतर एकदम पाच तास वाजवायला बसले की मनगट आणि कोपर दुखावतात.

जे दोन कार्यक्रम घ्याल त्यांचे लेखी ठरवा : तालमी किती आणि किती वेळाच्या, साथीदार पियानोवादकाचे मानधन कोण देणार, पियानो कार्यक्रमाच्या दिवशी सुरात लावून मिळेल का, प्रवासखर्चात वाद्याची जागा धरली आहे का, आणि ध्वनिचित्रमुद्रण कोण, कुठे दाखवणार. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. सतराव्या वर्षीचा एक कच्चा प्रयोग इंटरनेटवर राहिला तर पंचविसाव्या वर्षीही तोच समोर येतो.

मुलीला इंग्लंडमध्ये शिकायचे आहे. प्रवेशासाठी व्हिडिओ पाठवायचा आहे. कधी आणि कसा करावा? (अकोटा)

तिथल्या बहुतेक संगीत संस्थांचे अर्ज यूकॅस कॉन्झर्वेटॉयर्स या सामायिक अर्जव्यवस्थेतून जातात. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवसांत संपते. मुदतीची वेळ तिथली संध्याकाळी सहा असते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. आता कॅलेंडर पाहा. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर म्हणजे नवरात्र. वडोदऱ्यात नऊ रात्री गरब्याच्या ढोलातून चेलोची सी तार मायक्रोफोनला ऐकू येणार नाही, आणि दिवसा मंडप, ध्वनिक्षेपकांच्या चाचण्या. गणपतीचे दिवसही धरू नका. व्हिडिओची शेवटची मुदत कुठलीही असो, तुमचे मुद्रण जुलैअखेर पूर्ण असू द्या. जुलैत पाऊस असतो, पण तो निदान मध्येच थांबतो.

रचना प्रत्येक संस्थेच्या यादीप्रमाणे निवडा. साधारणपणे बाखच्या एका सुइटमधले (नृत्यरचनांच्या संचातले) दोन परस्परविरुद्ध वळणाचे भाग, एखाद्या कन्चेर्टोचा एक भाग आणि पॉपरच्या ओपस ७३ मधला एत्यूद एवढ्यात बहुतेकांचे भागते. बाखचा पाचवा सुइट ए तार जीवर उतरवून वाजवण्यासाठी लिहिला आहे, सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी. प्रवेशासाठी हे दोन टाळा, पहिले तीन पुरेसे बोलके आहेत. कन्चेर्टोत हायडनचा सी मेजर ही उत्तम निवड. १९६१ मध्ये प्रागमध्ये त्याची हस्तलिखित प्रत सापडली, तोवर तो हरवलेलाच होता. त्यात लपायला जागा नाही : लय, सूर, गजाची वाटणी, सगळे उघडे दिसते, आणि परीक्षकांना नेमके तेच पाहायचे असते. ड्वोर्झाकचा अवघड कन्चेर्टो वाजवता येतो म्हणून ड्वोर्झाक पाठवू नका. वर्षभर जुनी झालेली रचना पाठवा.

मुद्रण असे करा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतीला गादी उभी करा, पडदे ओढा, पण खोली पूर्ण मुकीही करू नका. पंखा, एसी, फ्रिज बंद. मायक्रोफोन वाद्यापासून दोन ते अडीच मीटरवर, दीड मीटर उंचीवर. मोबाइलवर करत असाल तर आवाज आपोआप वरखाली करणारी सोय बंद करता येईल असे ॲप वापरा. नाहीतर हळू स्वर मोठे होतात, मोठे दबतात, आणि मुलीला आवाजाचा चढउतारच येत नाही असे वाटते. चित्रात चेहरा, दोन्ही हात आणि गज टोकापर्यंत दिसायला हवा. प्रत्येक रचना एका दमात, मध्ये कापाकापी नाही. परीक्षकांना कात्री लगेच कळते. एका दिवसात एका रचनेचे तीनच प्रयत्न करा. चौथ्यापासून हात थकतो आणि सूर खाली येतो.

साथीला इलेक्ट्रॉनिक पियानो चालतो, मात्र तो ए ४४० वर, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यांच्या ठरलेल्या सुरावर आहे ना ते तपासा. भजनाच्या साथीसाठी कुणीतरी पट्टी बदलून ठेवलेली असते.

मंचावर स्पाइक, म्हणजे चेलोच्या तळाची टोकदार कांडी, सरकते. मुलाचे अर्धे लक्ष तिकडेच. (सयाजीगंज)

पट्ट्याचा अँकर घ्या. त्याचा फास खुर्चीच्या पुढच्या पायात अडकतो आणि दुसऱ्या टोकाच्या खळीत स्पाइक बसते. नुसती रबरी टोपी ग्रॅनाइटवर धूळ बसली की घसरते. लाकडी मंच असेल तर टोकदार स्पाइक सरळ रोवा, पण सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून.

खुर्चीही घरून न्या. सभागृहात एकतर हातांचा सोफा मिळतो, नाहीतर मागे उतरती प्लास्टिकची खुर्ची. दोन्हींवर कंबर मागे पडते, चेलो अंगावर येतो आणि गज पट्टीवर चढतो. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची, सपाट बैठकीची लाकडी खुर्ची उत्तम.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखते. रियाज बंद ठेवावा का? (रावपुरा)

दुखत असताना वाजवू नका. रात्री दुखून जाग येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर. एरवी कारण बहुधा दांडी आवळणे हेच असते. अंगठा पूर्ण काढून चार बोटांनीच एक संथ स्केल वाजवून पाहा. स्वर उमटले तर तेवढाच जोर पुरेसा आहे, बाकीचा वाया जात होता. तार खाली जाते ती हाताच्या वजनाने. पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटे हात खाली सोडा. आणि पट्टीवरची तारांची उंची मोजायला विसरू नका, वर सांगितलीच आहे.

चेलोवर राग वाजवता येतो का, की पाश्चात्त्यच शिकावे? (नवापुरा)

येतो, आणि गंभीरपणे वाजवणारे आहेत. नॅन्सी लेश यांनी झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद आणले. सास्किया राव-द हास यांनी चेलोची रचनाच बदलली : लहान खोड, पाचवी वाजती तार, तरफेच्या तारा आणि जमिनीवर बैठक.

मात्र विद्यार्थ्याने पहिली पाच-सहा वर्षे दोन्ही हात एकाच पद्धतीत बसवावेत असे आम्हांला वाटते. पाश्चात्त्य पद्धतीत बोट ठरलेल्या जागी स्वच्छ पडते, मींडेत ते तारेवरून सरकत राहते. दोन्ही एकदम सुरू केले तर कच्च्या विद्यार्थ्याचा प्रत्येक स्वर थोडा घसरून येऊ लागतो. आधी जागा पक्क्या होऊ द्या. कान मात्र पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे ठेवा. तंबोऱ्यावर संथ स्केल वाजवणे ही चेलोवाल्या मुलासाठी सुराची सर्वांत चांगली तालीम आहे.

मुंबईला दर पंधरवड्याला शिकवणीला जातो. चेलो कसा न्यावा? विमानाने न्यायचा झाला तर? (अलकापुरी)

रेल्वेने जात असाल तर पार्सलच्या डब्यात कधीच देऊ नका. कडक पेटी घ्या, दाराजवळ किंवा वाटेत उभी करू नका, आणि पट्टा आसनाला बांधून ठेवा. गाडी थांबताना पेटी आडवी पडली तर साउंडपोस्ट हलतो. मोटारीने गेलात तर जेवायला थांबताना वाद्य गाडीत सोडू नका. मे महिन्यात बंद गाडीत सरस मऊ पडतो आणि वॉर्निशला पेटीचे अस्तर चिकटते.

विमानात चेलोसाठी वेगळी जागा विकत घ्यावी लागते. ती फोनवरूनच काढा, वेबसाइटवर दुसरा प्रवासी म्हणून नाव घालू नका. वाद्याला खिडकीकडची जागा मिळते, आपत्कालीन दाराच्या रांगेतली नाही. पट्टा पेटीभोवती पुरत नाही, म्हणून लांबीचा जोडपट्टा आधीच मागा. स्पाइक पूर्ण आत किंवा काढून ठेवा, गजाचे केस सैल करा, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंनी पानावर मऊ कापडाची घडी ठेवा. परदेशी जाताना गजाची कागदपत्रे बरोबर हवीत. गजासाठी वापरले जाणारे पर्नांबुको लाकूड २००७ पासून साइटिसच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या यादीत आहे, आणि जुन्या गजाच्या टोकावरची पांढरी पट्टी हस्तिदंताची असेल तर सीमाशुल्क अधिकारी गज ताब्यात घेऊ शकतात. निघण्याआधी कारागिराकडून ती पट्टी तपासून घ्या, हस्तिदंत निघाले तर बदलून घ्या आणि त्याची पावती गजाच्या पेटीतच ठेवा.